तिसरी खेप

गेल्या दिवाळीत फराळाची ताटली हातात असतानाच भाच्याने विचारलं, "मामा, पोर्टला गाडी टाकू का?"

उरणकडच्या वाचकांना हे वाक्य समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पोर्ट म्हणजे न्हावा-शेवा. गाडी म्हणजे कंटेनर ओढणारा घोडा आणि त्याच्यामागचा चाळीस फुटी ट्रेलर. टाकणं म्हणजे कर्ज काढून ती विकत घ्यायची आणि एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे खेपेच्या भाड्यावर लावायची. भाच्याच्या आजोबांची भातशेती या बंदरासाठी गेली. त्या भागातल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, आणि बंदरासाठी जमिनी दिलेल्यांना वाटपपत्रं मिळायला २०१४ चा ऑगस्ट उजाडला. या मधल्या काळात घरात एकाला नोकरी लागली. बाकीच्यांच्या दारासमोरून रोज ट्रेलर जात राहिले. तेव्हा भाच्याच्या प्रश्नात हौस थोडी आणि उरलेल्या पर्यायांची मोजदाद जास्त होती.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. त्यामुळे "बघून सांगतो" म्हणालो आणि बघायला लागलो. आपल्याकडे हा हिशेब गाडीमालकाच्या डायरीत असतो आणि डायरी डॅशबोर्डवर उन्हात तापत असते. पण जगात एक जागा अशी आहे, जिथे हाच प्रश्न चाळीसेक वर्षं विचारला जातोय आणि त्याचं दप्तर उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियात सान पेद्रोच्या उपसागरावर लॉस अँजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरं शेजारी शेजारी आहेत. कंटेनरच्या बाबतीत दोन्ही मिळून अमेरिकेतलं सगळ्यात मोठं ठाणं. तिथे एका ट्रकचा मालक तोच ट्रक स्वतः चालवून डबे ओढतो. त्याच्यावर प्राध्यापकांनी पाहण्या केल्या, पत्रकारांनी मालिका लिहिल्या, आणि मुख्य म्हणजे खटले चालले. खटल्यात पगाराच्या पावत्या पुरावा म्हणून दाखल होतात. मला त्याच हव्या होत्या.

सुरुवात मात्र त्याच्याही आधीपासून करायला हवी, कारण मुळात कंटेनरच एका ट्रकवाल्याच्या डोक्यातून निघाला.

माल्कम मॅक्लीन हा नॉर्थ कॅरोलायनातला शेतकऱ्याचा मुलगा. १९३४ मध्ये जुना ट्रक घेऊन त्याने धंदा सुरू केला, आणि धंदा वाढत असतानाही तो स्वतः गाडी चालवायचा. १९३७ साली तो कापसाच्या गाठी घेऊन न्यू जर्सीच्या होबोकेन धक्क्यावर गेला. तिथे दिवसभर ताटकळला. हमाल एकेक गाठ उतरवून जहाजावर चढवत होते आणि याची पाळी येत नव्हती. अख्खा ट्रकच उचलून जहाजावर ठेवला तर, असं तेव्हा मनात आलं, असं तो म्हातारपणी सांगायचा. कंटेनरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क लेव्हिन्सनचा या गोष्टीवर फारसा विश्वास नाही. त्याच्या मते कल्पना १९५३ च्या सुमाराची, आणि तिचं कारण महामार्गांवरची वाढती कोंडी. मला लेव्हिन्सनचं म्हणणं पटतं. तरीही माणसाने आपल्या यशाचं मूळ सांगताना धक्क्यावरचं ताटकळणं निवडावं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जुनं तेलवाहू जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. तेव्हा सुटा माल हातांनी जहाजावर चढवायला टनामागे सुमारे सहा डॉलर पडत. या जहाजावर तो खर्च सोळा सेंटांच्या आत आला. जिथे जहाज आठवडाभर धक्क्याला बांधलेलं असायचं, तिथे ते एखाद्या दिवसात मोकळं व्हायला लागलं. जहाज धक्क्याला उभं असताना एक पैसा कमवत नाही. कंटेनरची सगळी किमया एवढ्या एका गोष्टीत आहे. त्याने जहाजाचं थांबणं संपवलं.

पण हजारो डबे एकदम खाली उतरले की ते बाहेर न्यायला हजारो ट्रकही लागतात, आणि ते एकाच गेटातून जातात. जहाज लवकर सुटावं म्हणून क्रेन आधी जहाजाला लावतात. ट्रकची रांग नंतर. म्हणजे वाट बघण्याचं काम संपलं नव्हतं. ते जहाजाकडून ट्रककडे आलं होतं. आता त्याचे पैसे कोण देणार?

गोदी कामगारांनी हा प्रश्न वेळेत ओळखला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या संघटनेने १९६० मध्ये जहाज कंपन्यांशी करार केला. यंत्रं आणा, आम्ही आडवे येणार नाही. पण जो पैसा वाचेल त्यातला वाटा आमचा. दरवर्षी सुमारे पन्नास लाख डॉलर एका निधीत जमा होऊ लागले. त्यातून जुन्या कामगारांना निवृत्तीचे पैसे मिळाले आणि उरलेल्यांना काम नसेल त्या आठवड्याच्याही कमाईची हमी. ब्रिजेसवर त्याच्याच लोकांनी टीका केली, तरी आज मागे वळून पाहताना त्याचा सौदा शहाणपणाचा वाटतो.

ट्रकवाल्यांचंही तेव्हा बरं चाललं होतं. १९३५ च्या कायद्याने अमेरिकेत ट्रकवाहतुकीला परवाने लागत, दर ठरलेले असत, आणि नव्या माणसाला धंद्यात शिरणं अवघड होतं. त्या बंद दारामागे टीमस्टर्स ही चालकांची संघटना बळकट झाली. १९६४ च्या जानेवारीत जिमी हॉफाने देशभरातल्या चार लाखांवर चालकांसाठी एकच करार करून घेतला. बंदरातले डबे ओढणारा चालक हा तेव्हा बहुतेक ठिकाणी पगारी नोकर होता. गेटवर चार तास गेले तर त्या चार तासांचा पगार मिळायचा, आणि त्याच कारणाने मालकालाही गाडी चार तास उभी राहू नये असं वाटायचं. हॉफा काही संत नव्हता, तुरुंगात जाऊन आला. परवाना पद्धतीतही मोठा मलिदा होता. हे विसरून १९८० चा निर्णय समजत नाही.

१ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि दार उघडलं. टेड केनेडींसारखे डावीकडचे नेतेही त्याच्या बाजूने होते. महागाई भडकली होती आणि वाहतूक स्वस्त व्हायला हवी होती. ती झालीही. बंदरात याचा अर्थ असा झाला, की कुणीही जुना ट्रक घ्यावा आणि रांगेत उभं राहावं. पगारी चालक ठेवणाऱ्या कंपन्या दरांत मागे पडल्या. काही बुडाल्या, काहींनी आपले ट्रक विकले आणि "मालक" चालकांना खेपेवर कामं द्यायला सुरुवात केली. काही वर्षांतच लॉस अँजेलिसच्या बंदरात मालक-चालक हाच नियम झाला. त्यातले बहुसंख्य मेक्सिको, एल साल्वाडोर, ग्वाटेमालामधून आलेले. ट्रकही तसेच. महामार्गावर लाखो मैल धावून थकलेले ट्रक शेवटी बंदरात यायचे.

आता हिशेब. भाच्यासाठी मी तो कागदावर मांडला, इथेही मांडतो. आकडे माझे, समजण्यापुरते.

समजा एका खेपेचं भाडं १०० आहे. डिझेल आणि टोल मिळून खेपेला ४० जातात. कर्जाचा हप्ता, विमा, टायर, परवाना, पार्किंग यांचा रोजचा वाटा ११०, गाडी हलो वा न हलो. बाहेरचं जाणं-येणं आणि डबा सोडणं याला अडीच तास लागतात, बंदरात दीड तास. चार तासांची एक खेप, बारा तासांत तीन. मिळाले ३००, त्यातून डिझेल-टोलचे १२० आणि रोजचे ११० वजा जाता हातात राहिले ७०. आता बंदरात दीडऐवजी साडेतीन तास लागले. खेप सहा तासांची झाली, दिवसात दोनच. मिळाले २००. वजा ८०, वजा ११०. हातात १०.

खेपा एक तृतीयांशाने घटल्या आणि कमाई सातव्या हिश्श्यावर आली. पहिल्या दोन खेपा गाडीच्या असतात. माणसाची मजुरी तिसऱ्या खेपेत असते, आणि ती खेप मिळते की नाही हे गेटवर ठरतं. तिथे त्याच्या हातात काहीच नसतं, कारण गेट त्याचं नाही. खेप देणाऱ्या कंपनीला त्याच्या दोन तासांचं काही पडलेलं नाही, ती तासांचे पैसे देतच नाही. टर्मिनलचं गिऱ्हाईक तर जहाज कंपनी आहे. ट्रकवाला टर्मिनलचा कुणीच लागत नाही.

मग हे लोक एकत्र का येत नाहीत, असं भाच्याने विचारलं. आले. अनेकदा आले. १९९६ च्या मे महिन्यात लॉस अँजेलिसच्या हजारो चालकांनी ट्रक बंद ठेवले. एका नव्या कंपनीने सगळ्यांना नोकरीवर घेऊन वाहतूक कंपन्यांना पुरवायचं, अशी योजना होती. कंपनी पोकळ निघाली, संप मोडला, लोक हप्ते थकवून परत रांगेत आले. पण खरी अडचण कायद्यातली होती. नोकरांनी मिळून पगार मागितला तर ती संघटना. स्वतंत्र धंदेवाल्यांनी मिळून दर ठरवला तर तो १८९० च्या शर्मन कायद्याखाली कट. स्टँडर्ड ऑइलसारख्या मक्तेदाऱ्या मोडायला वापरलेला कायदा एका ट्रकच्या मालकाला लागू होत होता. "मालक" या शब्दाची एवढी मोठी किंमत दुसऱ्या कुठल्या धंद्यात मोजावी लागत असेल, असं वाटत नाही.

रांगेवर उपाय झालेच नाहीत असं नाही. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: गेटवर ट्रक तीस मिनिटांपेक्षा जास्त खोळंबला तर टर्मिनलला २५० डॉलर दंड. कायद्याने मोजलं ते गेटच्या बाहेरचं थांबणं. गेटच्या आत डबा मिळेपर्यंत जे थांबावं लागतं, त्याला दंड नव्हता. शिवाय कामाचे तास वाढवले किंवा वेळ ठरवून देण्याची पद्धत ठेवली तर टर्मिनलला सूट होती. २००५ पासून दिवसा नेलेल्या डब्यावर शुल्क लावून रात्रपाळीकडे गर्दी वळवली. रस्ते मोकळे झाले, शहराला बरं वाटलं. चालकाची झोप गेली.

मग धुराचा प्रश्न आला. बंदराच्या आजूबाजूच्या वस्त्यांत मुलांना दमा होत होता, आणि त्याचं एक कारण हे म्हातारे ट्रक होते. १ ऑक्टोबर २००८ पासून १९८९ पूर्वीच्या ट्रकना बंदी, आणि २०१२ पर्यंत सगळेच ट्रक नव्या निकषांचे, असं ठरलं. सोळा-सतरा हजार ट्रक बदलायचे होते, एकेक लाख डॉलरच्या वर. लॉस अँजेलिस बंदराने एक सरळ विचार केला: चालक मालक राहिला तर त्याला हा ट्रक कधीच परवडणार नाही, म्हणून कंपन्यांनी चालकांना नोकरीवर घ्यावं आणि ट्रक कंपनीने विकत घ्यावा. वाहतूकदारांची संघटना न्यायालयात गेली. ट्रकवाहतुकीचे दर, मार्ग आणि सेवा यांत राज्यांनी किंवा शहरांनी ढवळाढवळ करू नये, असा १९९४ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या आधारे २०११ मध्ये अपील न्यायालयाने नोकरीची अट रद्द केली. नव्या ट्रकची अट मात्र कायम राहिली.

परिणाम असा झाला की हवा स्वच्छ झाली, खरोखर झाली, आणि तिचं बिल चालकाच्या नावावर फाटलं. कंपन्यांनी ट्रक घेतले आणि चालकांना भाडेपट्ट्याने दिले. हप्ता, विमा, डिझेल आठवड्याच्या कमाईतून कापून घ्यायचं आणि काही वर्षांनी ट्रक तुझा. ट्रक दुसऱ्या कंपनीच्या कामाला नेता येत नाही, आजारी पडलास तरी हप्ता चालू, काम सोडलंस तर ट्रक गेला आणि भरलेले पैसेही गेले. 'यूएसए टुडे'ने २०१७ मध्ये यावर मालिका छापली. कापाकापी होऊन एका चालकाच्या हातात आठवड्याचे ६७ सेंट पडले होते. मी हा आकडा दोनदा वाचला. आपल्याकडे सावकारीच्या ज्या गोष्टी आजोबा सांगत, त्यांत आणि यात फरक एवढाच की इथे पावती छापील होती.

तिथल्या कामगार आयुक्तांपुढे शेकडो चालकांनी दावे केले आणि बहुसंख्य जिंकले. निकाल सांगत होते, की गाडीवर नाव कंपनीचं, काम कंपनीचं, वेळ कंपनीची. मग हा मालक कसला? पुढे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला: कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम करणारा माणूस सहसा नोकरच समजायचा.

आणि इथे माझी समजूत थोडी हलली. ट्रकवाल्यांपुरता हा कायदा न्यायालयात अडकला होता. ३० जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वाहतूकदारांचा अर्ज ऐकायला नकार दिला आणि तो लागू झाला. जुलैमध्ये ओकलंड बंदराची गेटं ट्रकवाल्यांनी जवळजवळ आठवडाभर अडवली. हे कंपन्यांचे मालक नव्हते. एका ट्रकचे मालक होते, आणि त्यांना नोकर व्हायचं नव्हतं. त्यांच्यात पंजाबी चालकही बरेच होते. ज्याच्या ट्रकचं कर्ज फिटलंय, ज्याची गिऱ्हाइकं स्वतःची आहेत, ज्याला रांग लागली की दुसरीकडचं काम उचलता येतं, त्याला हा धंदा परवडत होता आणि तो कुणाच्याही हाताखाली जायला तयार नव्हता. सगळेच फसलेले, असं मानून मी चाललो होतो. ते चूक होतं. एकाच रांगेत दोन प्रकारचे मालक उभे असतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत.

करोनानंतरच्या गर्दीत तर हे फार उघड झालं. २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीला सान पेद्रोच्या उपसागराबाहेर शंभरावर जहाजं खोळंबली. जहाज कंपन्यांनी इतिहासात कमावला नव्हता एवढा नफा कमावला. ट्रकवाल्यांच्याही चार पैसे हाती लागायला हवे होते. पण टर्मिनलं रिकामे डबे परत घेईनात. रिकामा डबा ट्रेलरवर असेपर्यंत भरलेला डबा आणायला ट्रेलर नाही. कामाचा महापूर आणि गाडी अंगणात उभी.

भाचा म्हणाला, "आपल्याकडे असं नाही." काही बाबतींत नाहीच. आपल्याकडचा गाडीमालक सहसा स्वतः चालवत नाही, चालक ठेवतो आणि त्याला खेपेवर पैसे आणि भत्ता देतो. म्हणजे ताटकळण्याचा भार अजून एक पायरी खाली, चालकाच्या अंगावर जातो. चालक मग ट्रेलरखाली चादर अंथरून झोपतो. न्हावा-शेव्याला काही सुधारणा झाल्या. पूर्वी बहुतेक आयात डबे आधी जवळच्या सीएफएसमध्ये जात आणि तिथून गिऱ्हाइकाकडे. २०१६-१७ पासून थेट बंदरातून उचलण्याची सोय मोठ्या प्रमाणावर वाढली. निर्यातीच्या गाड्यांसाठी पार्किंगची मोठी जागा झाली, म्हणजे रस्त्यावरची रांग आत गेली. कॅलिफोर्नियाचं वाचून आलेल्या माणसाला "रांग आत गेली" हे शब्द थोडे जपून वाचावेसे वाटतात.

बंदर ते सीएफएस ही छोटी खेप आणि चाकण किंवा नाशिकची लांब खेप, यांचं गणितही वेगळं. लांबच्या खेपेत गाडी चालत असताना कमावते आणि गेटवरचे चार तास दोन दिवसांत विरून जातात. छोट्या खेपेत तेच चार तास दिवस खातात. भाच्याला छोट्या खेपाच करायच्या होत्या, रात्री घरी यायला मिळतं म्हणून. मी त्याला नाही म्हणालो नाही. सेकंडहँड घोडा, अर्धे पैसे साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधून आलेले, कर्ज थोडं, चालवणार स्वतः: हा माणूस त्या दोन मालकांपैकी कुठला ठरेल, हे मला कागदावर सांगता येईना. म्हणून म्हणालो, आधी एक आठवडा मित्राच्या गाडीवर बस आणि वहीत वेळा लिही. गेटला कधी पोचलास, आत कधी गेलास, बाहेर कधी आलास.

त्याने लिहिल्या. सोमवार ते शनिवार, वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले. सहा दिवस, तेरा खेपा. बुधवारी तीन, बाकी रोज दोन. शुक्रवारच्या नोंदीपुढे "रिकामा परत घेतला नाही, यार्ड बदललं, पाच तास" असं लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. शेवटी लिहिलं होतं: "मामा, ट्रान्सपोर्टवाल्याला हॉल्टिंग किती तासांनंतर सुरू होतं ते विचारलं. म्हणाला, आधी गाडी तर लाव."